सफारी आणि रॉक स्क्रॅम्बलिंग एकाच ट्रिपमध्ये: सेरेंगेटीच्या दगडांवर चढायचं का?

प्रश्न थोडक्यात असा होता: पुण्यातला आठ जणांचा ग्रुप, वयं 28 ते 61, सगळे सह्याद्रीत नियमित फिरणारे, दोघांचा लिंगाणा सुळका झालेला. ऑगस्टमध्ये दहा दिवस आफ्रिकेत जायचंय, प्राणीही बघायचेत आणि जमलं तर दगडांवर हातपाय मारायचेत (स्क्रॅम्बलिंग, म्हणजे रोप न लावता हातापायांनी दगड चढणं). एक एजंट म्हणतो की टांझानियातल्या सेरेंगेटीत मोठमोठे खडक आहेत, त्यावर चढवून आणतो, सनराइजचे फोटो भारी येतात. करावं का?

नाही. म्हणजे ट्रिप जरूर करा, एजंट बदला.

मी पुण्यातूनच ग्रुप घेऊन केनियात जातो, बरीच वर्षं झाली, त्याआधी सह्याद्रीत सुळक्यांवर रोप लावण्यात तारुण्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न मला दर सीझनला येतो आणि दर वेळी पहिल्यांदा हेच सांगावं लागतं की सवानात दिसणारा प्रत्येक दगड चढायचा नसतो. सेरेंगेटीत सपाट गवतात मध्येच जे ग्रॅनाइटचे ढीग दिसतात त्यांना कॉपी म्हणतात (शाळेतली नव्हे, मूळ शब्द डच, अर्थ छोटं डोकं). दगड दोन अब्ज वर्षांहून जुना, आजूबाजूला गोरोंगोरोच्या बाजूच्या ज्वालामुखींची राख येऊन साचली आणि फक्त टाळकी वर राहिली. आता विचार करा, मैलोन् मैल गवत, झाड नाही, सावली नाही, आणि मध्ये एक उंच गार जागा जिथून चारी बाजूंचं दिसतं. तुम्ही सिंहीण असता तर पिल्लं कुठे ठेवली असती? तिथेच ठेवते ती. बिबट्या तिथेच, नाग तिथेच, मधमाश्या तिथेच. पार्कात गाडीतून उतरायची परवानगी ठरलेल्या पिकनिक स्पॉटला आणि अशाच काही जागांवर आहे, बाकी ठिकाणी नाही, आणि जो माणूस पहिल्याच फोनवर हा नियम मोडायला तयार आहे तो बाकी कुठे कुठे कात्री लावेल ते तुम्हीच बघा.

मग दगड कुठे? माझं उत्तर ठरलेलं आहे, केनियातलं हेल्स गेट. नैरोबीपासून वायव्येला साधारण 90 किलोमीटर, नैवाशा तळ्याच्या अलीकडे, 1984 साली नॅशनल पार्क झालं, क्षेत्रफळ जेमतेम 68 चौरस किलोमीटर, म्हणजे आफ्रिकेच्या हिशोबात परसबागच. पण इथे पायी आणि सायकलवर फिरायला परवानगी आहे, कारण सिंह-बिंह नेहमीचे नाहीत. बिबटे आहेत पण ते तुम्हाला दिसणार नाहीत, तुम्ही त्यांना दिसाल. गेटजवळ सायकली भाड्याने मिळतात, ब्रेक आणि सीट स्वतः बघून घ्या, माझ्या एका मेंबरची सीट तिसऱ्या किलोमीटरला फिरली ती संध्याकाळपर्यंत फिरतच राहिली. एल्सा गेटपासून घळीच्या तोंडापर्यंत आठेक किलोमीटर रस्ता आहे, दोन्ही बाजूला तांबूस कडे, मध्ये गवत, आणि झेब्रे तुमच्यापासून इतक्या जवळ की त्यांचं गवत तोडल्याचा आवाज येतो. जीपमधून हा आवाज कधीच ऐकू येत नाही, इंजिन बंद केलं तरी नाही, कारण जीपमध्ये कोणीतरी कायम चिप्स खात असतं.

इथे भीती कुणाची असेल तर गव्याची. आपला गवा नव्हे, केप बफेलो, आणि विशेषतः कळपातून वेगळा पडलेला म्हातारा नर. झुडुपात उभा असतो, दिसत नाही, आणि आपला गवा जसा बहुतेक वेळा बाजूला होतो तसा हा होईलच असं नाही. सायकलवर असताना समोर दिसला तर थांबायचं, हळूहळू मागे यायचं, घंटी वाजवून त्याला हटवायला जायचं नाही. हसू नका, मी घंटी वाजवणारे बघितलेत.

गेटमधून आत गेल्यावर थोड्याच वेळात फिशर्स टॉवर लागतो. 25 मीटरचा सुळका, ज्वालामुखीच्या नळीतला लाव्हा थिजून उरलेला. नाव गुस्ताव फिशर या जर्मन प्रवाशाचं, तो 1883 साली इथून मागे फिरला होता. आता हे नीट वाचा, कारण ग्रुपमध्ये गोंधळ इथेच होतो: टॉवर ही स्क्रॅम्बलिंगची जागा नाही, ते रोप, हार्नेस, हेल्मेट आणि बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, माणूस असं सगळं लागणारं क्लाइंबिंग आहे. पायथ्याशी स्थानिक पोरं सामान घेऊन असतात, चढायला चांगली आहेत, पण भाड्याचा हार्नेस तिथल्या उन्हात किती वर्षं वाळलाय ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून हार्नेस आणि हेल्मेट घरून न्या आणि वरचा अँकर (दोर ज्याला अडकवतात तो आधार) कशाला बांधलाय ते विचारा. विचारल्यावर राग येणारा माणूस असेल तर फोटो काढून पुढे चला. तुमचे लिंगाणावाले दोघं मजेत चढतील, बाकीच्यांनी खालून हायरॅक्स बघावेत. हायरॅक्स म्हणजे मोठ्या घुशीएवढा गुबगुबीत प्राणी, हत्तीचा जवळचा नातेवाईक, खरंच, थट्टा नाही. टॉवरखालचे हायरॅक्स माणसाळलेत. मागच्या खेपेला एकीने बॅगेची चेन उघडी ठेवली होती तर एक पठ्ठ्या शेंगदाण्याची चिक्की घेऊन कपारीत पसार झाला आणि आतून कुरुमकुरुम आवाज काढत बसला. तुम्ही मुद्दाम खायला देऊ नका, चावतात.

खरं स्क्रॅम्बलिंग पुढे ओल न्जोरोवा घळीत. एकेकाळी नैवाशा तळं आत्तापेक्षा खूप मोठं होतं आणि त्याचं जादा पाणी इथून वाहायचं, त्याने कापलेली ही घळ. सांधण दरी केली असेल तर चटकन ओळख पटेल, तीच अरुंद वाट, तोच वर आकाशाचा पट्टा, फक्त सांधणचा बेसॉल्ट पक्का आणि इथल्या भिंती बऱ्याच ठिकाणी दाबलेल्या राखेच्या, मऊ, नखाने खरवडलं तर पावडर निघते. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाची सवय अशी की खोबणीत चार बोटं गेली की वजन टाकायचं. इथे टाकू नका. वजन पायावर ठेवा, हात फक्त तोल सांभाळायला, आणि जो होल्ड पकडाल तो आधी खाली दाबून बघा, स्वतःकडे ओढू नका. काही भिंतींतून गरम पाणी झिरपतं, बोट लावून बघायचा मोह होतोच, पण ते खरंच भाजण्याइतकं गरम असू शकतं. शेजारच्याच ओल्कारियात 1981 पासून जमिनीतल्या वाफेवर वीज बनवतात, यावरून खालच्या चुलीचा अंदाज घ्या.

आणि आता पुराचं. 2012 ला आणि नंतर 2019 ला या घळीत अचानक पाणी आलं आणि दोन्ही वेळी माणसं गेली. पाऊस घळीवर पडावा लागत नाही, वरच्या बाजूला कुठेतरी पडतो आणि इथे कोरड्या वाळूत उभ्या माणसाला पत्ता नसतो. सांधणमध्ये पावसाळ्यात का उतरत नाहीत ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. लांबलचक पाऊस मार्च ते मे आणि छोटा ऑक्टोबर अखेरीपासून डिसेंबरपर्यंत, तुमचा ऑगस्ट तसा बरा, पण रिफ्ट व्हॅलीच्या वरच्या अंगाला दुपारची सर कधीही येते. म्हणून घळ सकाळी करायची, गाइडशिवाय नाही करायची, आणि त्या दिवशी कुठला भाग उघडा आहे ते गेटवर विचारायचं. एकदा आमच्या गाइडने निम्म्या वाटेवरून परत फिरवलं. आमच्या डोक्यावर निळं आभाळ, लांब कुठेतरी एक राखाडी पट्टा, तो म्हणाला चला वर. ग्रुपमधले एक काका भयंकर चिडले, इतके पैसे भरून आलोय वगैरे. वर येऊन दोन तास बसलो. पाणी आलं नाही. थेंबसुद्धा नाही. काकांनी संध्याकाळी माझ्याकडे रिफंड मागितला, मी दिला नाही, आणि तो गाइड मी पुढच्या वर्षी पुन्हा मागून घेतला.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुम्ही सह्याद्रीतले आहात म्हणजे पाय तयार आहेत, एक्स्पोजरची, म्हणजे पायाखालच्या मोकळ्या खोलीची, भीती कमी आहे, घसाऱ्यावर उतरता येतं, हे सगळं तिकडे कामाला येतं. कामाला येत नाही ती तुमची मधमाशीची नजर. आपल्याकडे आग्या मोहोळ उघड्यावर लटकतं, ओव्हरहँगखाली काळे पोळे खालूनच दिसतात, आपण वाट बदलतो, परफ्यूम लावू नका म्हणतो, संपलं. आफ्रिकन मधमाशी पोळं सहसा उघड्यावर बांधत नाही, ती भेगेत, पोकळीत, कपारीत आत घर करते. म्हणजे बाहेरून काहीच नाही, स्वच्छ सुंदर फट, हात घालावासा वाटणारी.

नैरोबीच्या आग्नेयेला मोंबासा रोडच्या बाजूला लुकेन्या नावाची टेकडी आहे, तिथला दगड नाइस जातीचा (हो, नावच नाइस), खरखरीत, बुटाचं रबर चिकटून बसतं असा. माउंटन क्लब ऑफ केनियाचे लोक, हा क्लब 1949 पासूनचा आहे, तिथे कितीतरी वर्षं चढतायत. तिथे एका सोप्या टप्प्यावर मी पुढे होतो, दोन पुरुष उंचीवर, डाव्या हाताला छान उभी फट. हात घालणार तेवढ्यात जाणवलं की दगड गुणगुणतोय. आवाज कानाला आला त्याआधी गालाला कळला, कारण मी गाल दगडाला टेकवला होता. मग बघितलं तर फटीच्या खालच्या ओठावर पिवळट-तपकिरी डाग, माश्यांच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झालेला, आणि एकच माशी बाहेर येऊन माझ्याकडे तोंड करून बसलेली. मी खाली काही ओरडलो नाही, हात वर करून मूठ दाखवली (आमची थांबा ही खूण आहे), आणि ज्या होल्डवरून आलो त्याच होल्डवरून उलटा उतरलो, सावकाश, जन्मात इतका सावकाश कधी उतरलो नसेन. एकही डंख नाही. तेव्हापासून प्रत्येक नव्या दगडाखाली दोन मिनिटं गप्प उभं राहायचा नियम केलाय, कोणी बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि आकाशाच्या बाजूला बघायचं, उजेडाविरुद्ध माश्यांची ये-जा दिसते. कोरड्या दिवसांत त्या पाण्यावर येतात, त्यामुळे बाटली उघडी ठेवून जेवायला बसू नका. ग्रुपमध्ये कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांकडून ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लिहून घेऊन सोबत ठेवा, आणि ते कसं टोचायचं हे आणखी दोघांना माहीत हवं.

सापाचंही तसंच. पफ ॲडर नावाचा जाडजूड साप, आपल्या घोणशीच्याच वळणाचा, पळत नाही, पडून राहतो, रंगावर विश्वास ठेवून. दगडाच्या वरच्या कडेवर न बघता हात टाकणं, जे आपण मँटल करताना (कडेवर हात टेकून अंग वर उचलताना) सर्रास करतो, ते इथे बंद. आधी काठीने वाजवा, मग डोकं वर काढून बघा, मग हात. आपल्याकडचं प्रतिविष तिकडच्या सापांना चालत नाही, त्यामुळे ते घेऊन जाण्यात अर्थ नाही. दगडावर पांढरे ओघळ दिसले तर खाली हायरॅक्सची मुतारी नाहीतर वर गरुडाचं घरटं. पहिल्या प्रकारात पाय घसरतो, दुसऱ्या प्रकारात आपण मुळात तिथे असायला नको. हेल्स गेटच्या कड्यांवर गिधाडं घरटी करतात, त्या बाजूला जायचं नाही, कुठला कडा वर्ज्य आहे ते रेंजरला विचारायचं.

आणि चढताना एक हिशोब कायम डोक्यात ठेवा: रोप न लावता उतरता येईल तेवढंच चढायचं. तिकडे वर अडकलेल्याला काढायला गावातून चार पोरं दोर घेऊन धावत येत नाहीत.

ट्रिपचा क्रम म्हणाल तर दगड आधी, सफारी नंतर. उलटं केलं की लोक चार दिवस गाडीत बसून पाय आखडवून घेतात आणि मग घळीत उतरतात, शिवाय मसाई मारा बघून आल्यावर हेल्स गेटच्या झेब्र्यांकडे कोणी बघत नाही. पहिली रात्र नैरोबी, मग नैवाशाला तीन रात्री. त्यात एक दिवस सायकल आणि घळ, एक दिवस लाँगोनोट, 2,776 मीटरचा ज्वालामुखी, विवराच्या काठाकाठाने पूर्ण फेरी होते, सगळी धूळ आणि चढउतार, राजगडाच्या माच्या ज्यांना आवडतात त्यांना हे आवडेल. नंतर नारोकवरून मसाई मारा, पाच-सहा तास रस्ता, तिथे तीन रात्री तरी ठेवा. ऑगस्टमध्ये विल्डबीस्टचे कळप माऱ्यात असतात, म्हणून गाड्याही असतात, नदीकाठी अक्षरशः लक्ष्मी रोड. ड्रायव्हरला पहिल्याच दिवशी सांगून टाका की आम्हाला कळपामागे धावायचं नाही, एका ठिकाणी तासभर थांबलं तरी चालेल, त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो तो बघण्यासारखा असतो. रिझर्व्हमध्ये गाडीतून उतरायचं नाही. चालायचंच असेल तर शेजारच्या कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे रिझर्व्हबाहेरच्या राखीव रानात, मसाई गाइडबरोबर पायी फेरी मिळते, एक सकाळ तिथे द्या. वेळ जास्त असता तर मी तुम्हाला उत्तरेला आर्चर्स पोस्टच्या पुढे ओलोलोक्वेवर पाठवलं असतं, सांबुरू लोकांचा पवित्र डोंगर, तिथल्याच लोकांना घेऊन चढायचा, पण दहा दिवसांत सगळं कोंबलं की फक्त गाडी आठवते.

तुमच्यातल्या 61 वर्षांच्या ताईंबद्दल विचारलंय. नैवाशा गावच मुळात कळसूबाईच्या शिखरापेक्षा उंचावर आहे, 1,646 मीटरच्या वर, त्यामुळे पहिल्या दिवशी धाप लागली तर घाबरायचं नाही आणि वेग कमी ठेवायचा, तिकडे सारखं कानावर पडतं ते पोले पोले, म्हणजे सावकाश सावकाश. माझा अनुभव असा की साठीचे लोक घळीत तिशीवाल्यांपेक्षा नीट उतरतात कारण ते पाय कुठे टाकतायत ते बघतात. त्यांच्यासाठी खरा प्रश्न यलो फीव्हरच्या लशीचा आहे. केनियाहून परत येताना भारतात ते सर्टिफिकेट लागतं, नसेल तर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन होऊ शकतं. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, घेतल्यापासून दहा दिवसांनी ग्राह्य धरतात, आणि साठीच्या पुढे किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोलणं गरजेचं आहे. हे ताईंनी तिकीट काढायच्या आधी करावं, नंतर नाही. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच वेळी विचारून घ्या. व्हिसाऐवजी जानेवारी 2024 पासून ईटीए, म्हणजे प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगी आहे, ऑनलाइन होते.

इन्शुरन्सला स्वाहिलीत बिमा म्हणतात, आणि गाडीला गारी, दुकानाला दुका, चपातीला चपाती, आपल्या लोकांनी रेल्वे बांधताना आणि दुकानं थाटताना बरंच काही मागे ठेवलंय. पण पॉलिसी मात्र इथूनच नीट वाचून घ्या. बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसीत रोप लावून केलेलं क्लाइंबिंग बारीक अक्षरात वगळलेलं असतं, म्हणजे घळीत पाय मुरगळला तर पैसे आणि टॉवरवर मुरगळला तर ठेंगा. लेखी विचारा. शिवाय ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सचं टुरिस्टसाठी विमानाने हलवायचं कव्हर मिळतं, ते आठही जणांचं घ्या.

रात्री नैवाशाच्या काठावर राहाल तर अंधारात पाणघोडे चरायला बाहेर येतात, तंबूतून टॉयलेटला जाताना आस्कारीला, म्हणजे रखवालदाराला, हाक मारायची, लाजायचं नाही. पार्कात सहाच्या आत गेटबाहेर. तिकडे संध्याकाळ अशी नसतेच, दिवा मालवल्यासारखा अंधार होतो. पार्काची फी बदलत राहते आणि कॅश घेत नाहीत, ऑनलाइन भरायची तयारी ठेवा.

सामानात नेहमीचे ट्रेकिंगचे बूट, सोल घासलेला नको, फुल बाह्यांचे कपडे, ऑगस्टच्या सकाळी थंडी असते म्हणून एक जाड जॅकेट, हातमोजे काट्यांसाठी. ॲकेशियाचा काटा सायकलच्या टायरमधून जातो, तुमच्या चपलेचं काय घेऊन बसलात. रंग खाकी, मातकट. गडद निळा आणि काळा त्सेत्से माशीला आवडतो, आणि मिलिटरी पॅटर्नची ती हिरवी पँट, जी आपल्या प्रत्येक ट्रेकमध्ये तिघांनी घातलेली असते, ती घरी ठेवा, केनियात साध्या माणसाने तसले कपडे घालणं बेकायदा आहे. ड्रोनही घरी.

आणि हो, चिवडा, लाडू, मेथीचे ठेपले जरूर न्या, गाडीत लागतातच, पण नेहमीसारखे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधून नाही. केनियात ऑगस्ट 2017 पासून कॅरीबॅग बंद आहेत आणि 2020 पासून पार्कात एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकही बंद, बाटल्यासुद्धा. स्टीलचे डबे आणि कापडी पिशव्या घ्या. डब्याचं झाकण घट्ट लागतं ना तेवढं बघा, टॉवरखाली तो चिक्कीवाला अजून आहे.